चवथीच्या सुट्टीत सर्व्हर हलवू नका

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी पणजीतल्या एका सहकारी पतसंस्थेत संगणक विभागाची प्रमुख आहे. आमचे सर्व्हर मुख्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आहेत. संचालक मंडळाने ते नवी मुंबईतल्या भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये न्यायचं ठरवलंय. गोव्यात आमच्या २२ शाखा आहेत, डेटा ६ टीबीच्या आसपास. चेअरमन साहेब म्हणतात, चवथीला (गणेश चतुर्थीला) कार्यालय बंदच असतं, त्या सुट्टीत उरकून टाका. माझ्या हाताखाली सहा जण आहेत. हसतखेळत काम करणारी ही माणसं महिनाभर गप्प गप्प आहेत. एकाने राजीनामा दिलाय, दुसराही देईल असं वाटतं. आमचे सगळ्यांत जुने काका पुढच्या वर्षी निवृत्त होतील आणि निम्मी माहिती त्यांच्या डोक्यातच आहे. काम सुरळीत कसं पार पाडू? आणि मुलांचा उत्साह कसा टिकवू?
एक वाचक, पर्वरी"

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला तो एकच प्रश्न वाटतो. स्थलांतराचा आराखडा कच्चा असला की त्याचा भार शेवटी माणसांच्या झोपेवर, सणावर आणि घरावर पडतो. हे त्या माणसांना कुणी सांगावं लागत नाही, आराखडा ऐकता ऐकताच कळतं. तुमची मुलं गप्प झालीत ती बहुतेक त्यामुळेच. बाहेर जेवायला नेऊन किंवा कंपनीचे टी-शर्ट वाटून हे गप्पपण जाणार नाही.

त्यांच्या मनात आणखी एक प्रश्न असणार, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही. सर्व्हर नवी मुंबईला गेले की आमचं काय? आपल्याला तिकडे बदली देतील का? की तिथलं डेटा सेंटर सगळं बघणार आणि आपण घरी बसणार? वाळपईहून रोज येणाऱ्या मुलाला हा प्रश्न पडला नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर तो स्वतः एक उत्तर तयार करील आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असेल.

म्हणून सर्व्हरला हात लावण्याआधी व्यवस्थापनाकडून लेखी उत्तर घ्या. या स्थलांतरामुळे कुणाची नोकरी जाणार आहे का, कुणाची बदली होणार आहे का, काम बदलणार असेल तर कुणाचं आणि कसं. प्रत्यक्षात तुमच्या माणसांचं काम संपत नाही. २२ शाखांचं नेटवर्क, पासबुक प्रिंटर, बॅकअप, सुरक्षा आणि नवी मुंबईशी जोडणाऱ्या लाइनवरची नजर हे सगळं गोव्यातूनच होणार आहे. फरक पडेल तो यूपीएस, एसी आणि मशीनची देखभाल करणाऱ्यांना. त्यांना एकेकट्याला बसवून, नाव घेऊन सांगा की पुढे तुझ्याकडे हे काम असेल आणि त्यासाठी हे शिकावं लागेल. आणि मंडळाच्या मनात खरोखरच माणसं कमी करायची असतील, तर तेही आत्ताच कळू द्या. स्थलांतर होईपर्यंत गोड बोलून मग नोटीस देणाऱ्या संस्थेसाठी पुढे कुणी मनापासून काम करत नाही, आणि करूही नये.

आता तारखेचं. चेअरमन साहेबांचा हेतू वाईट नाही. कार्यालय बंद म्हणजे ग्राहकांना त्रास नाही, इतका सरळ त्यांचा विचार. पण चवथीला गोव्यातला माणूस आपल्या मूळ घरी असतो. वर्षभर पणजीत किंवा मडगावात राहणारं कुटुंब त्या दिवसांत सांगे, सत्तरी, पेडणे, काणकोणात एकत्र येतं. गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधायला घरातला जाणता मुलगा लागतो. त्याला त्या दिवशी सर्व्हर रूममध्ये बसवलंत तर तो येईल, काम करील आणि हे कधीच विसरणार नाही.

भावना बाजूला ठेवली तरी हे दिवस कामाला वाईटच आहेत. पाऊस संपलेला नसतो, घाटात दरड कोसळण्याची भीती असते, वीज खेळ करते. तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीतला, लाइन देणाऱ्या कंपनीतला, शाखेचा दरवाजा उघडून देणारा, सगळेच रजेवर. रात्री अकरा वाजता नेटवर्कचा एखादा स्विच रुसला तर फोन कुणाला करणार? वर चवथीपाठोपाठ ३० सप्टेंबरचा अर्धवर्षअखेर येतो. नवीन जागी बसलेली यंत्रणा पहिल्या महिन्यातच त्या भाराखाली घालायची नसते.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबरचा चौथा शनिवार आणि त्यानंतरचा रविवार धरा. तुमची संस्था बँकांप्रमाणे चौथ्या शनिवारी बंद असेल तर सलग दोन दिवस मिळतात. दिवाळी आटोपलेली असते, ऑक्टोबरातल्या गडगडाटी पावसाचा जोर ओसरलेला असतो, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, मग नाताळ आणि पर्यटकांची गर्दी अजून पुढे असते. तिमाहीअखेरीला महिना उरतो. तिथपर्यंत तयारीलाही वेळ मिळतो.

चेअरमन साहेबांना पटवायला एक उदाहरण सांगा, कारण ते पैशाच्या भाषेतलं आहे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांचा डेटा एकाच वेळी नव्या यंत्रणेवर नेला. डेटा व्यवस्थित पोचला, पण त्यावर चालणारी यंत्रणा कोलमडली आणि लाखो लोकांना आपलीच खाती दिसेनात. नंतरच्या चौकशी अहवालात दोन गोष्टी पुढे आल्या. आधी तारीख ठरवली आणि मग कामं त्या तारखेत कोंबली. आणि दोन डेटा सेंटरांपैकी चाचणी झाली होती फक्त एकाची. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. बँकेचे प्रमुख २०१८ मध्येच पायउतार झाले होते. तुमची संस्था त्या मानाने लहान आहे, पण आधी तारीख आणि मग काम हा क्रम तोच आहे. मंडळापुढे हे ठेवताना 'मुलांना सुट्टी हवी' असं मांडू नका. 'चाचणी पूर्ण व्हायला इतका वेळ लागतो, म्हणून तारीख ही' असं मांडा.

मग न्यायचं काय आणि कसं? जुनी मशीनं टेम्पोत घालून नवी मुंबईला पाठवायची कल्पना कुणी काढली असेल तर ती मोडून काढा. वर्षानुवर्षं न थांबता फिरणाऱ्या हार्ड डिस्क एकदा बंद केल्या की त्यांतली एखादी पुन्हा सुरू होत नाही, हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव. शिवाय मशीनं रस्त्यात असताना तुमच्याकडे ना पणजीत काही चालू, ना नवी मुंबईत. त्यापेक्षा तिकडे नवी किंवा भाड्याची मशीनं उभी करा, डेटाची प्रत तिथे सतत चालू ठेवा आणि ठरल्या दिवशी फक्त कारभार इकडून तिकडे वळवा. जुनं सगळं पणजीत जसंच्या तसं जिवंत राहील. खर्च थोडा वाढतो, पण हा पैसा मुलांच्या मनःशांतीवर थेट खर्च होतो. चुकलो तर परत यायला जागा आहे हे माहीत असलेल्या माणसाचा हात थरथरत नाही.

प्रत पाठवण्याचा हिशोब आधी मांडा. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने, एक क्षणही न थांबता वापरली तरी ६ टीबी जायला साडेपाच दिवसांहून जास्त लागतात, आणि तीच लाइन शाखाही वापरत असतील तर विचारूच नका. म्हणून पहिली मोठी प्रत एन्क्रिप्ट केलेल्या (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) डिस्कवर घेऊन माणसासोबत पाठवा आणि रोजचे बदल तेवढे लाइनवरून जाऊ द्या.

एखादं मशीन न्यावंच लागलं तर आपल्या हवेकडे लक्ष द्या. २० अंशांवर थंड झालेला सर्व्हर गोव्याच्या दमट हवेत बाहेर काढला की त्याच्यावर दव धरतं, आतल्या सर्किटवरसुद्धा. खोलीतच अँटिस्टॅटिक पिशवीत घट्ट गुंडाळा, म्हणजे दव पिशवीवर बसेल. नव्या जागी पोचल्यावर काही तास तसाच ठेवा, मशीनचं तापमान खोलीइतकं झाल्यावर मगच वीज जोडा. यूपीएसच्या बॅटऱ्यांना मात्र तुमच्या मुलांनी हात लावायचा नाही, ते काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसांचं. दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली आणि ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायचं ८५८ टीबीचं साठवणही त्यात गेलं, आणि त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. तुमचा बॅकअप आज त्याच दुसऱ्या मजल्यावर, सर्व्हरच्याच शेजारच्या कपाटात असेल तर नोव्हेंबरची वाट बघू नका. या आठवड्यात एक प्रत दुसऱ्या इमारतीत न्या आणि ती खरंच उघडते का ते पाहा.

अंतराचाही विचार करा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे पणजी ते नवी मुंबई जाऊन-येऊन काही मिलिसेकंद तर लागणारच, आणि वाटेतली उपकरणं धरून ते सहज १५-२० होतात. आज एकाच खोलीत ते १ पेक्षा कमी आहेत. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पतसंस्थांची जुनी सॉफ्टवेअरं एक स्क्रीन उघडायला डेटाबेसला एकामागून एक शेकडो प्रश्न विचारतात. समजा ४०० विचारले, तर २० मिलिसेकंदांच्या हिशोबाने ८ सेकंद झाले. काणकोणच्या शाखेत काउंटरवर रांग उभी असताना प्रत्येक पावतीला ८ सेकंद म्हणजे काय होईल ते तुम्हीच बघा. यावर उपाय असतात, पण आधी कळलं तरच. नेटवर्कवर मुद्दाम २० मिलिसेकंदांचा उशीर लावून आजच सॉफ्टवेअर चालवून पाहता येतं. तुमच्यातल्या एखाद्या हुशार मुलाला हे काम द्या, दोन दिवसांत तो तुम्हाला कुठली स्क्रीन रडते ते दाखवील. आणि महिनाभर आधी एक छोटी शाखा खरोखर नव्या जागेवर चालवून बघा. पहिली शाखा अशी निवडा जिथला शाखाधिकारी फोनवर ओरडत नाही.

आता काका. त्यांच्याकडे 'सगळं लिहून द्या' असा कागद पाठवू नका. निवृत्तीच्या तोंडावर तो कागद 'आता तुमची गरज संपली' असाच वाचला जातो. त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगी किंवा मुलगा बसवा. काकांनी बोलायचं, तिने लिहायचं, संध्याकाळी वाचून दाखवायचं. नोंदवहीवर पहिलं नाव काकांचं. मला खात्री आहे, पहिल्याच आठवड्यात अशा गोष्टी बाहेर येतील ज्या कुठल्याही आकृतीत नाहीत. पिग्मी एजंटांच्या मशीनचंच बघा. दिवसभर दुकानादुकानांतून गोळा केलेली वसुली एजंट संध्याकाळी मशीनमधून चढवतो. त्या मशीनमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांकी पत्ता, कुणीतरी वर्षांपूर्वी हाताने टाकून ठेवलेला असतो. सर्व्हर हलला, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) बदललं, सगळ्या शाखा चालू झाल्या, आणि संध्याकाळी सहाला गोवाभरचे एजंट अडकले. हे काकांना माहीत असतं, कारण ती मशीनं त्यांनीच लावलेली असतात.

काकांच्या स्मरणशक्तीच्या जोडीला फायरवॉलच्या (नेटवर्कमधली ये-जा तपासणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी घ्या, पूर्ण महिन्याच्या, महिनाअखेरीसकट. आठवड्याच्या नोंदींत व्याजाची गणती दिसत नाही. बाहेरच्यांची यादी वेगळी करा. एसएमएस पाठवणारी कंपनी, तुमचे एनईएफटी व्यवहार ज्या बँकेमार्फत जातात ती बँक, अशा ठिकाणी तुमचा सध्याचा आयपी पत्ताच ओळखीचा असतो. नवा पत्ता त्यांच्याकडे नोंदवायला अर्ज, सह्या, स्मरणपत्रं यांत आठवडे जातात. हे काम पहिल्या दिवशी सुरू करा. डीएनएसची मुदत, म्हणजे बाकीची मशीनं जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवतात ती, साध्या दिवसांत २४ तासांची असेल तर स्थलांतराच्या दोन-तीन दिवस आधी ती ३०० सेकंदांवर आणून ठेवा, एवढं पुरे.

यानंतर रंगीत तालीम. पूर्ण, घड्याळ लावून. बॅकअपमधून डेटाबेस उभा करायला किती वेळ, शाखांची तपासणी किती वेळ, आणि परत फिरायला किती वेळ. तालमीत परत फिरण्याचा सरावही झालाच पाहिजे, लोक नेमका तोच टाळतात. त्यातून तुम्हाला एक वेळ मिळेल, समजा रविवारी दुपारी चार. चारपर्यंत ठरलेल्या तपासण्या पास झाल्या नाहीत तर पणजीच्या सर्व्हरवर परत यायचं. हा निर्णय आधी लिहून चेअरमन साहेबांची सही घ्या. सोमवारी सकाळी शाखा उघडून नव्या जागी पहिला व्यवहार नोंदला गेला की परत येणं फार अवघड होतं, कारण तो व्यवहार जुन्या सर्व्हरला ठाऊकच नसतो. म्हणून ही रेषा रविवारीच हवी.

आणि ही सही तुमच्या मुलांसमोर घ्या, ताई. रात्रभर जागलेला माणूस 'अजून अर्धा तास द्या, होईल' म्हणतो, तो अर्धा तास पहाटेपर्यंत लांबतो आणि मोठे घोटाळे तेव्हाच होतात. परत येणं हे ठरलेल्या दोन योग्य निकालांपैकी एक आहे, हे वरिष्ठांच्या तोंडून आधी ऐकलेलं असलं की चार वाजता कुणी लपवाछपवी करत नाही. सहाही जणांना 'थांबा' म्हणायचा हक्क द्या, सगळ्यांत धाकट्यालाही. त्याने थांबवलं आणि नंतर काही नसल्याचं निघालं, तरी त्याला बोल लावायचा नाही.

पाळ्या कागदावर बांधा. कुणीही सलग आठ-नऊ तासांवर बसणार नाही. कमांड देणारा एक आणि शेजारी बसून वाचून तपासणारा दुसरा. निर्णय तुमचा, म्हणून तुम्ही स्वतः कीबोर्डला हात लावायचा नाही आणि तुम्हालाही शनिवारी रात्री झोपायचं आहे. सोमवारी सकाळी शाखांचे फोन घ्यायला दोन ताजी माणसं हवीत, त्यांना रविवारी संध्याकाळीच घरी पाठवा. रात्री उशिरा कदंबची बस नसते, तेव्हा घरापर्यंत गाडीची सोय संस्थेने करायची, मुलींची तर आधी. फोंड्याला लहान मूल सोडून येणारी कुणी असेल तर तिला दिवसाची पाळी द्या, आणि ही तिच्यावरची मेहेरबानी आहे असं कुणाला वाटू देऊ नका. बदली रजेची तारीख स्थलांतराच्या आधीच नोंदवा. 'नंतर बघू' म्हटलेली रजा मिळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. जादा कामाचे पैसेही त्याच महिन्याच्या पगारात.

राजीनामा दिलेल्या मुलाला 'स्थलांतरापर्यंत तरी थांब' अशी गळ घालू नका. कारण विचारा आणि ऐकून घ्या. नोकरी जाईल या भीतीने तो चाललेला असेल तर वरच्या लेखी उत्तराने कदाचित थांबेल. चांगली संधी मिळाली असेल तर आनंदाने निरोप द्या, फक्त त्याच्याकडचं काम आतापासून दुसऱ्याच्या हाती सोपवायला लागा. थांबायची तयारी असेल तर लेखी मोबदला ठरवा, अर्धा स्थलांतर झाल्यावर, अर्धा पहिली महिनाअखेर पार पडल्यावर. त्याला पैसे द्याल आणि बाकीच्या पाचांना नाही, असं मात्र होऊ देऊ नका. जाणाऱ्याला बक्षीस आणि राहणाऱ्याला काम, हे पाहिलं की दुसऱ्याचाही राजीनामा नक्की येतो. त्या दुसऱ्याशी तर उद्याच बोला.

स्थलांतरानंतर पणजीची मशीनं निदान एक महिनाअखेर होईपर्यंत तशीच ठेवा. लॉगही (यंत्रणेत काय कधी घडलं त्याच्या नोंदी) त्यांच्यासोबत पुसले जाणार नाहीत याची काळजी घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग भारतात जपून ठेवावे लागतात, आणि सायबर घटना घडली तर कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. नव्या जागी हे कोण करणार, त्याचं नाव ठरवून ठेवा. डिस्क भंगारात जाण्याआधी पूर्ण पुसून किंवा मोडून, प्रत्येकीचा क्रमांक लिहून घ्या. ठेवीदारांची खाती त्यांच्यावर आहेत. आणि संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत अहवाल तुम्ही एकट्याने वाचू नका. सहाही जणांना आत बोलवा आणि कुणी काय केलं ते ज्याने त्याने सांगू द्या, काकांपासून सुरुवात करून.